संपाआधीची चार वर्षं: पोलंडमध्ये लोकशाहीची चळवळ कशी बांधली गेली

कुठलंही मराठी गाव घ्या. तिथे वाचनालय असतं, तालीम असते, भजनी मंडळ, बचतगट, दूध सोसायटी, गणेशोत्सव मंडळ असतं आणि त्या मंडळात भांडण झालं म्हणून निघालेलं दुसरं मंडळही असतं. अध्यक्ष कोण, वर्गणी किती, हिशेबाची वही कुणाकडे, हे लोक आपसांत बसून ठरवतात. भांडून वेगळं मंडळ काढायला कुणाला विचारावं लागत नाही, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं मोल जाणवत नाही. घर आणि सरकार यांच्या मधली ही जागा माणसांनी स्वतः उभी केलेली असते. अभ्यासक तिला ‘नागरी समाज’ म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट रोजची आहे.

आता असं समजा, की ही सगळी मंडळं आहेत तिथेच आहेत, पण प्रत्येकाचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षानं नेमलेला आहे. कामगार संघटना पक्षाची, लेखकांचा संघ पक्षाचा, विद्यार्थी संघटना पक्षाची, वर्तमानपत्रं आणि छापखानेही पक्षाच्याच मुठीत. पगार कापला तर ज्या युनियनकडे गाऱ्हाणं न्यायचं, ती पगार कापणाऱ्याचीच. पलीकडच्या शहरातल्या कारखान्यात काल काय झालं, हे कळायला मार्ग नाही. माणसं कोट्यवधी आहेत, पण एकेकटी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कम्युनिस्ट पोलंडमध्ये साधारण अशी स्थिती होती. पक्षाच्या हाताबाहेर राहिलेली मोठी संस्था एकच, कॅथलिक चर्च.

पोलंडचं आणि आपलं एक जुनं नातं आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. युद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत रशियानं त्यांना घरादारासकट उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. युद्ध संपल्यावर त्यांतले अनेकजण मायदेशी गेलेच नाहीत, कारण मायदेशात आता मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार बसलेलं होतं. वळिवड्याहून ती माणसं इंग्लंडला आणि आणखी कुठे कुठे गेली. ही गोष्ट त्या सरकारखाली राहिलेल्यांची आहे.

अशा देशात लोकशाहीची चळवळ म्हटलं की डोळ्यांसमोर ऑगस्ट १९८० येतो. ग्दान्स्क बंदरातल्या जहाजबांधणी गोदीतला संप, त्याचा मिशाळ पुढारी लेक वालेसा, फाटकावर फुलं आणि पोपचा फोटो. हे चित्र खरंच आहे. पण त्या संपाला लागणारं जवळपास सगळं सामान १९७६ ते १९८० या चार वर्षांत, फार थोड्या माणसांनी, स्वयंपाकघरांत आणि कोर्टाच्या आवारात बसून जमवलं होतं. मला समजावून सांगायची आहेत ती ही चार वर्षं.

आधीचे दोन पराभव

मार्च १९६८ मध्ये वॉर्सामधले विद्यार्थी सेन्सॉरशिपविरुद्ध उठले. पोलिसांनी त्यांना झोडपलं, आणि झोडपायला कारखान्यांतून आणलेली पक्षाची माणसंही होती. कामगारवस्त्या शांत राहिल्या. डिसेंबर १९७० मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, सरकारनं अन्नधान्याचे आणि मांसाचे भाव वाढवले. या वेळी समुद्रकाठच्या शहरांतले कामगार उठले. ग्दान्स्कमध्ये त्यांनी पक्षाच्या कचेरीवर चाल केली, कचेरी पेटवली. सैन्य आलं. ग्दिनियात तर पहाटे लोकलमधून उतरून कामावर निघालेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. किनाऱ्यावरच्या शहरांत चाळीसहून अधिक माणसं मेली. या वेळी विद्यार्थी आणि लेखक बहुतांशी गप्प राहिले.

पहिल्या वेळी लिहिणारे-शिकणारे एकटे पडले, दुसऱ्या वेळी राबणारे. सरकारला दोघांना वेगवेगळं गाठता आलं. याशिवाय १९७० च्या आगीनं किनाऱ्यावरच्या कामगारांना एक गोष्ट कायमची शिकवली: रस्त्यावर गेलं की गोळी घालायला निमित्त मिळतं. ही शिकवण पुढे फार उपयोगी पडली.

जून १९७६ मध्ये सरकारनं पुन्हा भाववाढ जाहीर केली. रादोम शहरात आणि वॉर्साजवळच्या उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यात उठाव झाला. उर्सुसच्या कामगारांनी रेल्वेमार्ग अडवला. सरकारनं चोवीस तासांत भाववाढ मागे घेतली, पण मग सूड सुरू झाला. पकडलेल्या कामगारांना पोलिसांच्या दोन रांगांमधून पळवायचं आणि दोन्ही बाजूंनी दंडुके हाणायचे, असा प्रकार होता. हजारोंची नोकरी गेली. अनेकांना वर्षानुवर्षांच्या सजा झाल्या.

वकिलाची फी, औषधं आणि घरखर्च

जुलैमध्ये वॉर्सात उर्सुसच्या कामगारांवर खटला उभा राहिला, तेव्हा काही बुद्धिजीवी आणि त्यांच्या ओळखीतले तरुण कोर्टात गेले. आत फक्त नातेवाइकांना सोडत होते. म्हणून ते बाहेर, आरोपींच्या बायका रडत बसल्या होत्या तिथे थांबले आणि त्यांच्याशी बोलू लागले. घरात कमावतं दुसरं कोण आहे? वकील दिलाय का? मुलं किती? मला वाटतं, पोलंडमधल्या पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या बोलण्यात आहे. मदतीला आलेले परके लोक गुप्त पोलिसांचेच असतील, असा संशय त्या बायकांना येणं साहजिक होतं. विश्वास बसायला वेळ लागला, आणि तो बसला तो वेळेवर पोचलेल्या पैशांमुळे.

यातूनच २३ सप्टेंबर १९७६ ला ‘कामगार संरक्षण समिती’ जाहीर झाली. पोलिश आद्याक्षरांवरून तिला ‘कोर’ म्हणतात. सुरुवातीला सदस्य चौदा. त्यांत ऐंशी पार केलेले अर्थतज्ज्ञ एडवर्ड लिपिन्स्की होते, लेखक येझी आंद्झेयेव्स्की होते, वकील होते, एक धर्मगुरू होते आणि यात्सेक कुरोन होते, जे पूर्वी याच राजवटीच्या तुरुंगात जाऊन आले होते. समितीचं काम अगदी ठरावीक होतं: पकडलेल्यांसाठी वकील, जखमींसाठी डॉक्टर, नोकरी गेलेल्यांच्या घरी पैसे, आणि कुणावर काय अत्याचार झाला याची नीट नोंद. मागणीही मोजकी होती. सर्वांना सोडा, कामावर परत घ्या, मारहाणीची चौकशी करा.

‘कोर’ची सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे सदस्यांनी आपली नावं, पत्ते आणि फोन नंबर पत्रकावर छापले. गुप्त संघटनेत पोलिसांचा खबऱ्या शिरला की सगळे एकमेकांकडे संशयानं बघू लागतात आणि संघटना आतून कुजते. इथे लपवण्यासारखं फारसं ठेवलंच नव्हतं. शिवाय रादोममधल्या एखाद्या फिटरला मदत हवी असेल तर त्यानं कुठे जायचं? पत्ता माहीत हवाच. कुरोनच्या घरचा फोन तर हळूहळू साऱ्या देशाचं वार्ताकेंद्र झाला. कुठे कुणाला पकडलं, कुठे संप झाला, हे लोक तिथे कळवायचे आणि तिथून ते परदेशी वार्ताहरांकडे, मग परदेशातून बोलणाऱ्या रेडिओ फ्री युरोपवरून परत पोलंडच्या घराघरांत पोचायचं.

हे सगळीकडे चालेल असं नाही, हे इथेच स्पष्ट सांगायला हवं. त्या काळचं पोलिश सरकार पाश्चात्त्य बँकांकडून कर्ज उचलत होतं, १९७५ च्या हेलसिंकी करारावर मानवी हक्कांसाठी सही करून बसलं होतं, आणि प्रतिष्ठेला जपत होतं. सदस्यांना सारखं अठ्ठेचाळीस तासांसाठी कोठडीत टाकणं, मारहाण, नोकरी घालवणं हे चालूच होतं. मे १९७७ मध्ये क्राकोवमध्ये ‘कोर’शी जोडलेला स्तानिस्लाव पियास हा विद्यार्थी एका इमारतीच्या दारात मेलेला सापडला, आणि त्याला पोलिसांनीच मारलं अशी लोकांची खात्री होती. तरीही स्टालिनच्या काळासारखं सगळ्यांना एका रात्रीत गायब करणं या सरकारला परवडणारं नव्हतं. ती फट ओळखून ‘कोर’नं उघडपणा निवडला. जिथे अशी फट नाही, तिथे दारावर नाव लावणं म्हणजे आत्महत्या.

‘कोर’ सुरू झाली त्या महिन्यांत आपल्याकडे आणीबाणी होती. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी घेतलेली भूमिका आठवणाऱ्या पिढीला, आणि सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं पिशवीच्या तळाशी घालून नेणाऱ्या माणसांना, ‘कोर’चं काम वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

जुलै १९७७ मध्ये सरकारनं माफी जाहीर केली आणि १९७६ चे तुरुंगातले सगळे कामगार सुटले. एवढ्याशा समितीनं एवढ्या मोठ्या सरकारकडून काहीतरी मिळवून दाखवलं होतं. लोकांनी ते पाहिलं. समितीनं मात्र दुकान बंद केलं नाही. तिनं आपलं काम वाढवलं.

छापखाना, वर्ग आणि एक दगड

यानंतरच्या तीन वर्षांत जे घडलं त्याचं सूत्र कुरोनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका वाक्यात आहे. त्याचा आशय असा: त्यांच्या कमिट्या जाळू नका, आपल्या काढा. १९७० च्या जळालेल्या कचेरीला दिलेलं ते उत्तर होतं.

सप्टेंबर १९७७ पासून ‘रोबोत्निक’ म्हणजे ‘कामगार’ नावाचं पत्र निघू लागलं. चार पानं, बारीक अक्षर. त्यात मोठमोठे सिद्धान्त नसत. कुठल्या कारखान्यात सुरक्षेची साधनं नाहीत, कुठे ओव्हरटाइमचे पैसे बुडवले, कायद्यानं कामगाराला काय हक्क आहे, अशा बातम्या असत. दुसरीकडे ‘नोवा’ हे स्वतंत्र प्रकाशनगृह उभं राहिलं. मिरोस्लाव खोयेत्स्की हा रसायनशास्त्र शिकलेला माणूस ते चालवत होता. कागद मिळवायचा कुठून, शाई कशी करायची, यंत्र कुठल्या तळघरात ठेवायचं, छापलेलं वाटायचं कसं, हे सगळं शून्यातून शिकावं लागलं. सर्वांत सोपं साधन होतं लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणलेलं कापड. आपल्याकडे लग्नपत्रिकांसाठी स्क्रीन प्रिंटिंग करतात ना, तेच. त्यासाठी वीज लागत नाही, आवाज होत नाही, आणि चौकट पलंगाखाली सरकवता येते. साबणी पेस्टमध्ये रंग कालवून शाई केली जायची.

छापण्यामागे बातमी पोचवण्याखेरीज आणखी एक गोष्ट साधत होती. एक अंक छापायला दहा-पंधरा माणसं लागतात. कुणी जागा देतं, कुणी कागद आणतं, कुणी टाइप करतं, कुणी गाडी देतं. प्रत्येकाला पुढचा-मागचा एवढाच ठाऊक असतो, आणि प्रत्येकानं दिलेला शब्द पाळावा लागतो. ठरलेल्या वेळी न आलेल्या एका माणसापायी बाकीचे अडकू शकतात. संघटना म्हणजे शेवटी हीच सवय, आणि ती भाषणं ऐकून लागत नाही.

१९७७ च्या अखेरीस घरोघरी भरणारे वर्ग सुरू झाले. इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य, म्हणजे विद्यापीठात जे सांगता येत नव्हतं ते. लोक त्याला ‘उडतं विद्यापीठ’ म्हणत. नाव जुनं होतं. एकोणिसाव्या शतकात रशियन झारच्या अमलाखाली वॉर्सात असेच लपून वर्ग चालत आणि मारी क्युरी तरुणपणी तिथे शिकली होती. बहुतेक पोलिश घरांत ती आठवण जिवंत होती. आपल्या आजी-पणजीनं केलं ते आपण करतोय, ही जाणीव फार बळ देते.

एप्रिल १९७८ मध्ये ग्दान्स्कला ‘किनाऱ्यावरच्या स्वतंत्र कामगार संघटना’ स्थापन झाल्या. नाव भारदस्त होतं, माणसं मूठभर. इंजिनिअर आंद्झेय ग्वियाझ्दा, क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेंतिनोविच, गोदीच्या दवाखान्यातल्या नर्स आलिना पियेन्कोव्स्का, ‘कोर’चा बोगदान बोरुसेविच, आणि नोकरीवरून काढलेला इलेक्ट्रिशियन लेक वालेसा. ते घरी जमून कामगार कायदा वाचत. आणि दर डिसेंबरमध्ये गोदीच्या दोन नंबरच्या फाटकाशी, १९७० मध्ये माणसं पडली त्या जागी, फुलं घेऊन जात. पोलीस आधीच काहींना उचलून नेत. तरी दरवर्षी गर्दी वाढत गेली. डिसेंबर १९७९ मध्ये वालेसानं तिथे सांगितलं, की पुढच्या वर्षीपर्यंत सरकारनं स्मारक बांधलं नाही तर प्रत्येकानं एकेक दगड आणायचा, आपणच रचू.

त्याच वर्षी जूनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे पोलंडला येऊन गेले होते. क्राकोवचाच हा धर्मगुरू, आता पोप. लाखोंच्या सभा झाल्या, आणि गर्दीची सारी व्यवस्था पोलिसांऐवजी चर्चच्या स्वयंसेवकांनी पाहिली. आपण इतके आहोत, आणि सरकारविना शिस्तीत राहू शकतो, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

शनिवारची दुपार, फाटकाशी

१ जुलै १९८० ला मांसाचे भाव पुन्हा वाढले. ठिकठिकाणी संप पसरू लागले, लुब्लिन भागात जोरात. ७ ऑगस्टला आन्ना वालेंतिनोविच यांना गोदीतून काढलं गेलं, निवृत्तीला जेमतेम पाच महिने उरले असताना. १४ ऑगस्टच्या पहाटे लोकलमध्ये पत्रकं वाटली गेली: आन्नाबाईंना परत घ्या, पगार वाढवा. बोरुसेविचनं आखलेला हा संप तिघा तरुण कामगारांनी सुरू केला. वालेसा थोड्या वेळानं येऊन पोचला. कामगारांनी व्यवस्थापकाला आपली गाडी पाठवून आन्नाबाईंना घरून आणायला लावलं. पियेन्कोव्स्कानं दवाखान्याच्या फोनवरून कुरोनला कळवलं. चार वर्षं तयार होत आलेली ती साखळी त्या दिवशी अशी कामाला आली.

कामगार गोदीच्या आतच बसले. ठिय्या दिला, बाहेर मोर्चा काढला नाही, आणि दारूला सक्त मनाई केली. दहा वर्षांपूर्वीची शिकवण कुणी विसरलं नव्हतं.

मग आला शनिवार, १६ ऑगस्ट. व्यवस्थापनानं गोदीच्या मागण्या मान्य केल्या. पगारवाढ, आन्नाबाई कामावर, स्मारकही. वालेसानं संप संपल्याचं जाहीर केलं आणि कामगार घरी निघाले. पण शहरातले इतर छोटे कारखाने, बस आणि ट्राम गोदीच्या भरवशावर संपावर उतरले होते. गोदी उठली तर त्यांना चिरडणं सोपं होतं. ट्राम चालवणारी हेन्रिका क्शिवोनोस तावातावानं म्हणाली, की तुम्ही आम्हाला सोडलंत तर आम्ही संपलो, बसगाड्या काही रणगाड्यांपुढे टिकत नाहीत. पियेन्कोव्स्का आणि वालेंतिनोविच फाटकांकडे धावल्या. नर्स पियेन्कोव्स्का एका पिंपावर चढली आणि जाणाऱ्यांना थांबा म्हणून सांगू लागली. वालेसानं निर्णय फिरवला. त्या रात्री गोदीत फार थोडी माणसं उरली होती. पण त्याच रात्री संयुक्त संप समिती झाली आणि मागण्यांची यादी एकवीसपर्यंत गेली. पहिली मागणी: पक्षापासून स्वतंत्र कामगार संघटना काढण्याचा हक्क.

मला या सबंध इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. पगाराचा संप आणि लोकशाहीची चळवळ यांच्यातली रेघ त्या दुपारी त्या फाटकापाशी ओलांडली गेली. आपल्याला मिळालंय, पण शेजाऱ्याला मिळालेलं नाही, म्हणून थांबायचं. आणि हे ज्यांनी घडवलं त्या तीन बायका होत्या, ज्यांची नावं पोलंडबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसतात.

सोमवारपासून गोदी पुन्हा भरली. पुढच्या दोन आठवड्यांत सातशेच्या आसपास आस्थापनांचे प्रतिनिधी समितीत आले. उपपंतप्रधान मिएचिस्लाव यागिएल्स्की वाटाघाटीला आले तेव्हा ती बोलणी लाउडस्पीकरवरून सबंध गोदीला ऐकू जात होती, आणि प्रतिनिधी टेप करून आपापल्या कारखान्यात नेत होते. मुख्य बोलणी बंद खोलीत झाली नाहीत, त्यामुळे नेता विकला गेला अशी आवई उठवायला जागा राहिली नाही. ३१ ऑगस्टला करार झाला. संघटनेचं नाव ठरलं ‘सोलिदारनोश्च’, म्हणजे एकजूट. इंग्रजीतून आपल्याकडे ती ‘सॉलिडॅरिटी’ म्हणून पोचली. वर्षभरात तिचे सदस्य एक कोटीच्या घरात गेले, साडेतीन कोटींच्या देशात.

संघटना बांधली ती व्यवसायवार नव्हे, प्रदेशवार. खाणवाल्यांची वेगळी, शिक्षकांची वेगळी असं केलं असतं तर सरकारनं खाणवाल्यांना खूश करून शिक्षकांना उपाशी ठेवलं असतं. प्रदेशवार रचनेत नर्सच्या मागे गोदी उभी राहत होती. शनिवारच्या त्या फाटकाचीच ही नियमावली झाली म्हणा ना. आणि १६ डिसेंबर १९८० ला, वालेसा बोलला होता त्याला वर्ष होताच, दोन नंबरच्या फाटकाशी तीन उंच पोलादी क्रूसांचं स्मारक उभं राहिलं.

हौसेनं फिरायला निघालेलं गाव

संघटनेनं ‘पक्ष खाली खेचा’ अशी मागणी कधी पुढे केली नाही. बुडापेस्टमध्ये १९५६ साली आणि प्रागमध्ये १९६८ साली सोव्हिएत रणगाडे घुसलेले सर्वांना आठवत होते. स्वतःला मुद्दाम मर्यादा घालून घेतलेली ही क्रांती होती. तरी ती सरकारला झेपली नाही. १३ डिसेंबर १९८१ च्या रात्री सरकार आणि पक्ष दोन्हींचा प्रमुख असलेल्या जनरल यारुझेल्स्कीनं लष्करी कायदा पुकारला. फोन तोडले, हजारो कार्यकर्त्यांना झोपेतून उचलून नेलं. वुयेक कोळसा खाणीत संपकऱ्यांवर गोळीबार झाला, नऊ खाणकामगार मेले. पुढे फोन सुरू झाले तेव्हा प्रत्येक संभाषणाच्या आधी एक आवाज ऐकू यायचा: संभाषणावर नियंत्रण आहे.

एका रात्रीत एक कोटींची संघटना छाटली गेली, आणि तरी ती मेली नाही. कारण छापायचं कसं, वाटायचं कसं, अटक झालेल्याच्या घरी काय न्यायचं, हे शेकडो गावांत लोकांना आता येत होतं. व्रोत्सवाफच्या कार्यकर्त्यांनी तर दहाच दिवस आधी संघटनेचे आठ कोटी झ्लोती (पोलंडचं चलन) बँकेतून काढून चर्चच्या हवाली केले होते. वॉर्सात ‘तिगोद्निक माझोव्शे’ हे भूमिगत साप्ताहिक फेब्रुवारी १९८२ मध्ये निघालं आणि १९८९ पर्यंत चालू राहिलं. त्याचं संपादन हेलेना लुचिवो आणि त्यांच्या मैत्रिणींकडे होतं. गुप्त पोलीस पुरुष नेत्यांना हुडकत राहिले. एवढी मोठी गोष्ट बायका चालवत असतील हे बराच काळ त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

लुब्लिनजवळच्या श्वीद्निक नावाच्या लहान शहरात फेब्रुवारी १९८२ मध्ये लोकांनी ठरवलं, की सरकारी टीव्हीवरच्या साडेसातच्या बातम्या बघायच्या नाहीत. पण घरात टीव्ही बंद ठेवला तर ते कुणाला दिसणार? म्हणून बातम्यांच्या वेळी अख्खं गाव कडाक्याच्या थंडीत फिरायला बाहेर पडू लागलं. काहींनी टीव्हीचा संच रस्त्याकडे तोंड करून खिडकीत ठेवला. फिरायला जाणं हा कुठल्याच कायद्यानं गुन्हा होत नाही. सरकारनं संचारबंदी संध्याकाळी सातलाच लावली, तर लोक पाचच्या बातम्यांना निघाले. त्याच एप्रिलमध्ये वॉर्सात भूमिगत रेडिओचं पहिलं प्रक्षेपण झालं. ऐकू येतंय का, येत असेल तर घरातले दिवे लावा-विझवा, असं श्रोत्यांना सांगितलं गेलं, आणि इमारतीमागून इमारती लुकलुकू लागल्या. ज्याला वाटत होतं आपण एकटेच ऐकतोय, त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं.

अशा कृतींची ताकद त्यांच्या सोपेपणात आहे. आजी, शाळकरी पोरगं, भित्रा कारकून, सगळ्यांना भाग घेता येतो. उलट भूमिगत नेतृत्वानं १० नोव्हेंबर १९८२ ला सार्वत्रिक संपाची हाक दिली तेव्हा ती फसली. लोक थकले होते, नोकरी गेली तर खायचं काय हा प्रश्न होता. चळवळीत यावर आधीपासूनच मोठा वाद होता. तुरुंगातून कुरोन म्हणत होता, एक भक्कम केंद्र हवं, मोठ्या धडकेची तयारी हवी. बाहेर लपून राहिलेला वॉर्सा भागातल्या संघटनेचा पुढारी झ्बिग्नियेव्ह बुयाक आणि इतर म्हणत होते, केंद्र सापडलं की सगळंच सापडतं. त्यापेक्षा छापखाने, वर्ग, मदतनिधी असे हजार ठिकाणी विखुरलेले ठेवू. बुयाक साडेचार वर्षं पोलिसांना हुलकावण्या देत राहिला. निवाडा काळानं बुयाकच्या बाजूनं दिला असं मला वाटतं, पण त्याची किंमत होती: वर्षानुवर्षं काही घडत नाही असं दिसणं. ती वर्षं सोसणं सगळ्यांना जमलं नाही. लाखो पोलिश माणसं देश सोडून गेली. फादर येझी पोपिएलुश्को हे कामगारांचे धर्मगुरू ऑक्टोबर १९८४ मध्ये गुप्त पोलिसांनी पळवून मारले. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक आले, आणि एकही दगड भिरकावला गेला नाही.

हे सगळं फक्त चळवळीच्या बळावर झालं, असं सांगितलं तर ती अर्धी गोष्ट होईल. पोलंड कर्जात बुडाला होता, दुकानं रिकामी होती. चर्चचं छत्र होतं. पश्चिमेकडून पैसा आणि छपाईची यंत्रं चोरवाटेनं येत होती, त्यात अमेरिकन सरकारचाही हात होता, आणि सरकारी प्रचार त्याचाच ढोल पिटत होता. १९८५ नंतर मॉस्कोत गोर्बाचोव्ह आले आणि रणगाड्यांची भीती ओसरली. पण असा अनुकूल वारा पूर्व युरोपातल्या बाकीच्या देशांनाही लाभला होता. वाटाघाटीला बसवायला साऱ्या देशाला माहीत असलेली, घासूनपुसून तयार झालेली माणसं सर्वांत आधी पोलंडकडे होती.

१९८८ मध्ये पुन्हा संप पेटले. या वेळी पुढे होते विशीतले कामगार, १९८० साली शाळेत असलेले. सरकारला बोलायला माणूस हवा होता. ३० नोव्हेंबरला सरकारी युनियनच्या प्रमुखाशी वालेसाचा टीव्हीवर थेट वादविवाद झाला, आणि ज्याला सरकार सामान्य नागरिक म्हणून हिणवत होतं, तो साऱ्या देशादेखत भारी पडला. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ गोलमेज बोलणी झाली. त्या मुख्य टेबलाभोवती सोलिदारनोश्चच्या बाजूनं एकच बाई होती. भूमिगत काळाचा भार ज्यांनी वाहिला त्यांच्या वाट्याला एवढंच आलं, हे मला आजही खटकतं.

तडजोड अर्धीमुर्धी होती. कनिष्ठ सभागृहातल्या ३५ टक्केच जागा खुल्या, बाकीच्या सरकारी गोटासाठी राखीव; सिनेट मात्र पूर्ण खुलं. प्रचाराला दोनच महिने. गावोगाव सोलिदारनोश्चच्या प्रचारासाठी नागरिक समित्या निघाल्या, आणि इथे १९७६ पासूनची सवय पुन्हा कामी आली: पत्रकं छापणं, याद्या करणं, घरोघर जाणं, मतपत्रिकेवरच्या नको त्या नावांवर काट कशी मारायची ते शिकवणं. ४ जून १९८९ ला मतदान झालं. दुसऱ्या फेरीअखेर खुल्या १६१ जागांपैकी सगळ्या आणि सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सोलिदारनोश्चनं जिंकल्या. ४ जूनलाच बीजिंगमध्ये रणगाड्यांनी तिआनमेन चौक रिकामा केला होता, आणि पोलिश टीव्हीवर दोन्ही बातम्या एकाच संध्याकाळी दिसल्या. ऑगस्टमध्ये तादेउश माझोव्हेत्स्की पंतप्रधान झाले. १९८० च्या संपात ते गोदीत कामगारांचे सल्लागार म्हणून बसले होते.

२७ मे १९९० ला नगरपालिका आणि ग्रामपरिषदांच्या निवडणुका झाल्या, महायुद्धानंतरच्या पहिल्या पूर्ण मोकळ्या. सर्वाधिक जागा त्याच नागरिक समित्यांना मिळाल्या. वालेसा आणि माझोव्हेत्स्की यांच्यात तोवर फाटलं होतं, समित्याही फुटायला लागल्या होत्या, आणि नव्या आर्थिक धोरणानं कारखान्यांतल्या नोकऱ्या जात होत्या. त्या दिवशी शंभरातले बेचाळीसच मतदार मतदानाला आले.